मुलांच्या हातची भाऊबीज



भाऊबीजेला लहानगा भाऊ बहिणीच्या ताटात नोट टाकतो, ती वडिलांच्या खिशातली असते. यंदा त्याच्या स्वतःच्या हातची वस्तू ताटात पडू द्या. ठसे उठवलेले रुमाल मुलांकडून करवून घ्या. रंग विकत आणायला नको.

राजस्थानातील बगरू गावचे छिपा कारागीर गंजके लोखंड आणि गूळ यांपासून काळा रंग करतात. ही दोन्ही आपल्या घरी आहेतच. दसऱ्याला अवजारे पुसताना निघालेले जुने खिळे, नाल, मोडका विळा असे अर्धा किलो लोखंड मडक्यात घाला. त्यावर 100 ग्रॅम गूळ आणि एक लिटर पाणी घाला. तोंडाला फडके बांधा. घट्ट झाकण नको, कारण आत वायू धरतो. वसुबारसेपर्यंत रंग तयार होतो. तो गाळून घ्या.

दरम्यान मांजरपाटाचे चार रुमाल धुण्याच्या सोड्यात उकळून त्यांची खळ काढा. एक लिटर पाण्यात 20 ग्रॅम मोठ्या हिरड्याची पूड रात्रभर भिजवून गाळा. त्यात रुमाल अर्धा तास बुडवा आणि न धुता उन्हात वाळवा. ते पिवळसर दिसतील.

गाळलेल्या रंगात थोडी थोडी चिंचोक्याची पूड कालवा आणि मंद आचेवर दह्याइतका दाट करा. घोंगडीला खळ देतात तोच हा चिंचोका. चुलीजवळचे हे काम मोठ्यांनीच करावे.

आता मुलांना बोलवा. भेंडी आडवी कापली की फुलाचा ठसा तयार. बटाट्याच्या फोडीवर पान किंवा बैल कोरता येतो. ठसा फडक्याने कोरडा करून घ्या. ताटात रंगाने भिजवलेले फडके पसरा. पाटावर घोंगडीची घडी आणि तिच्यावर रुमाल ठेवा. ठसा फडक्यावर टेकवून रुमालावर सरळ दाबा, घासू नका. करडी उमटलेली फुले वाऱ्याने पाहता पाहता काळी होतात. पोरे हरखून जातील.

असे का होते हे त्यांना सांगा. हिरड्यातील टॅनिन आणि लोखंड यांचा संयोग होऊन काळा रंग धाग्यातच धरतो. पेरणीआधी बियाण्याला बीजप्रक्रिया, तशी कापडाला ही हिरड्याची. तुलनेसाठी हिरडा न लावलेल्या चिंधीवर एक ठसा उठवा. धुतल्यावर तिथे फिकट तांबूस डागच उरेल.

रुमाल दोन दिवस वाळू द्या. मग भरपूर पाण्यात मोकळे धरून धुवा. घडी पडली तर सुटा रंग दुसरीकडे लागतो.

एक गोष्ट बजावून सांगतो. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी या कामाला घेऊ नका. तो घरात कशालाच वापरायचा नसतो. रंगाची भांडीही स्वयंपाकात परत नेऊ नका.

एखादे फूल वाकडे उमटले तर उमटू द्या. बहीण तोच रुमाल जपून ठेवील, आणि भावाला कळेल की देण्यासारखे आपल्याही हातात काही आहे.