कंसातली भाकरी

'भाकरी'च्या जागी 'रोटी' लिहा, ही सूचना मला आता तोंडपाठ झाली आहे. मी बडोद्यात राहते, मराठीतून हिंदीत आणि गुजरातीतून मराठीत भाषांतर करते, आणि इतकी वर्षं हस्तलिखितांच्या समासात ही एकच सूचना वाचत आले आहे. कारणही ठरलेलं असतं: अखिल भारतीय वाचकाला कळलं पाहिजे. हा अखिल भारतीय वाचक मला अजून भेटायचा आहे. धारवाडचे वाचक भेटले, राजकोटचे भेटले, जोधपूरचे भेटले. त्यांच्या प्रत्येकाच्या घरी ज्वारी-बाजरीच्या या पदार्थाला स्वतःचं नाव आहे. ज्याच्या घरी ते नाव नाही आणि म्हणून ज्याला 'रोटी'च वाढावी लागते, तो वाचक संपादकीय टिपणांतच राहतो.

'भाकरी' हा शब्द उचलून सगळीकडे जसाच्या तसा नेऊन ठेवा, असं मी म्हणत नाही. तसं केलं तर गुजरातीत चांगलाच घोळ होईल. गुजराती 'भाखरी' गव्हाची असते, तेलातुपाचं मोहन घालून कडक भाजलेली, चहाबरोबर खायची. आपल्या भाकरीला तिथे 'रोटलो' म्हणतात. आणि गुजराती क्रियापदंसुद्धा हा भेद पाळतात. रोटली वणतात, म्हणजे लाटतात. रोटलो टीपतात किंवा घडतात, म्हणजे हातानेच. उत्तर कर्नाटकात जोळद रोट्टी असते आणि तीही थापतातच. मारवाडात बाजरीचा सोगरा आहे. म्हणजे मराठी कथेतल्या भाकरीला गुजरातीत रोटलो, कन्नडमध्ये जोळद रोट्टी असं सख्खं नातलग नाव तयार आहे. फक्त त्यासाठी एका चुलीवरून थेट दुसऱ्या चुलीकडे जावं लागतं. आपण जातो दिल्लीमार्गे. मराठीतून कन्नडमध्ये जाणारी कादंबरी आधी हिंदी किंवा इंग्रजी होते, तिथे भाकरीची 'रोटी' किंवा 'ब्रेड' होते, आणि मग धारवाडच्या भाषांतरकाराच्या हाती जे पडतं त्यातून तो बिचारा जोळद रोट्टी कशी ओळखणार?

या मधल्या शब्दाने काय नासतं त्याचं एक उदाहरण देते. मी हिंदीत नेलेल्या एका मराठी कथेत एक म्हातारी आहे. मनगट मोडल्यामुळे तिला भाकरी थापता येत नाही. प्रकाशकाकडच्या कुणीतरी 'भाकरी'ची 'रोटी' केली. आता हिंदीत थापायच्या त्या प्रामुख्याने गोवऱ्या, म्हणून मग क्रियापदही बदललं: 'बेलना'. छापील पुस्तकात ती म्हातारी रोटी लाटू शकत नाही. एका शब्दाबरोबर त्या घरात पोळपाट आलं, लाटणं आलं, आणि अर्थात गहूही आला. ज्या घरात गहू फक्त सणाला येतो त्या घराची ती कथा होती. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून ते गरम पाण्यात मळावं लागतं, तळहाताने रेटावं लागतं, थापावं लागतं, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवावा लागतो. सगळं काम मनगटाचं. मनगट गेलं म्हणजे त्या बाईची घरातली जागा गेली, हे मराठी वाचकाला न सांगता कळतं. हिंदी वाचकाला म्हातारीचा हात दुखतो एवढंच कळलं. याला म्हणे सुबोधता.

हिंदीवर राग काढून मोकळं होणं सोपं आहे. २०२३ च्या मार्चमध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दह्याच्या पाकिटांवर 'दही' हाच शब्द छापायला सांगितला, तेव्हा तामिळनाडू आणि कर्नाटकातून विरोध झाला. तयिर आणि मोसरु म्हणणाऱ्यांनी दही का म्हणावं? प्राधिकरणाने माघार घेतली, पण ती कशी ते पाहा. पाकिटावर इंग्रजी 'कर्ड', आणि कंसात दही, मोसरु, तयिर, पेरुगु, ज्याचं त्याने लिहावं. म्हणजे मुख्य आसनावर इंग्रजी आणि बाकी सगळ्या भाषा कंसात. या तोडग्याचं कौतुक झालं. मला मात्र त्यात आपल्या अनुवादित पुस्तकांचं पान दिसलं. तिथेही असंच असतं: मजकुरात मधला शब्द, आणि खरं नाव कंसात, तळटिपेत, नाहीतर शेवटच्या शब्दसूचीत.

त्या वादात मराठी माणूस स्वस्थ होता, कारण आपल्याकडे दही म्हणजे दहीच. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचा निर्णय झाला तेव्हा मात्र आपण उठलो आणि सरकारला शासननिर्णय मागे घ्यावे लागले. उत्तम झालं. पण त्या चळवळीत जोरात बोलणाऱ्या आपल्या प्रमाणभाषेने वऱ्हाडी आणि अहिराणी नावांचं काय केलं, हे विचारायची हीच वेळ आहे.

'डांगर' घ्या. कोकणात, पुण्यात डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचं, तोंडीलावणं. खानदेशात डांगर म्हणजे लाल भोपळा. विदर्भात नदीकाठच्या वाळूत डांगरवाड्या लागतात, तिथलं डांगर हे खरबुजाच्या जातीचं फळ. आणि लाल भोपळ्याला विदर्भात 'कोहळं' म्हणतात, जे पुण्यात पेठ्याचं पांढरं फळ. नागपुरात टरबूज मागितलं तर कलिंगड मिळतं. नागपूरकर उपासाला साबुदाण्याची उसळ खातात. पुण्याचा मुद्रितशोधक तिथे 'खिचडी' असा बदल करतो आणि वर आपण चूक दुरुस्त केली असं समजतो. 'सोले' म्हटलं की वैदर्भीय माणसाला हिवाळ्यातले तुरीचे हिरवे दाणे दिसतात आणि मालवणी माणसाला कोकमाची वाळवलेली सालं. यातलं प्रमाण कोणतं? कुठलंच नाही. ज्याच्या तोंडून शब्द आला त्याच्या गावात तो बरोबर आहे. पण आपल्या पुस्तकांत 'चून'ला तळटीप असते आणि 'पिठलं'ला नसते. 'पोळी'ला तर कधीच नसते, जणू सगळा महाराष्ट्र पोळीच म्हणतो! चपाती म्हणणारी घरं किती, आणि पोळी की चपाती यावरून समोरच्याची जात ताडणारे किती, हे आपल्याला चांगलं ठाऊक असतं.

झुणका आणि पिठलं यांना हिंदीत सरसकट 'बेसन की सब्ज़ी' म्हणतात. तोच वाचक, तेच संपादक पेन्ने आणि स्पागेत्ती यांत गल्लत करत नाहीत. एकाच पिठाचे दोन आकार, पण नावं दोन हवीत. मग एक कोरडा आणि एक पातळ, हा भेद का नको? १९९५ नंतर युती सरकारने एक रुपयात जी योजना आणली तिचं नाव झुणका-भाकर होतं. झुणका भाकरीवर ठेवून उभ्या-उभ्या खाता येतो, ताटली लागत नाही. पिठलं ओघळतं. कामावरचा माणूस काय खाईल याचा हिशेब त्या नावातच होता.

काही नावांच्या बाबतीत प्रश्न सुबोधतेच्या पलीकडे जातो. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाचं हे पुस्तक. शीर्षकातल्या त्या 'अ'ने मराठी वाचकाच्या तोंडातला 'वदनी कवळ' अडतो. भूषण कोरगावकरांनी केलेलं इंग्रजी भाषांतर २०२४ मध्ये आलं, त्याचं नाव 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा'. पुस्तक देशभर गेलं, ही मोठीच गोष्ट. पण नाव माहितीचं झालं, भांडण मराठीतच राहिलं. हा दोष भाषांतरकाराच्या माथी मारण्यात अर्थ नाही. अशा शीर्षकांचा निर्णय सहसा बाजार घेतो. माझी हरकत पुढच्या पायरीला आहे. चान्या, रक्ती, वजडी यांना प्रमाण मराठीत पर्यायी शब्द नाहीत, कारण प्रमाण मराठी बोलणाऱ्यांनी ते कधी शिजवलंच नाही. 'चान्या'च्या जागी 'वाळवलेलं मांस' लिहिलं की जनावर कोणतं ते गायब होतं. ज्या वर्षी हे पुस्तक आलं त्याच वर्षी महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. अशा काळात 'मांस' हा शब्द निरुपद्रवी राहत नाही. तो झाकणाचं काम करतो, आणि झाकण भाषांतरकाराच्या हातून ठेवलं जातं.

वाचक अडखळतो, असं मला सांगतात. अडखळू द्या की. मराठी वाचकाने रशियन कथांमधला समोवार कधी पाहिला होता? तरी दोन कथांनंतर त्याला कळलंच की ही चहाची भानगड आहे, घरात पाहुणे आले की ती मध्यभागी येते. शब्दसूची न उघडता कळलं, कारण भाषांतरकाराने समोवारला वाक्यात काम दिलं होतं. रशियन भांड्याला जी सवलत दिली ती आपल्याच भंडारा जिल्ह्यातल्या डांगराला द्यायला काय हरकत आहे?

मी स्वतः आता एवढंच करते. समोरच्या भाषेत त्याच पदार्थाचं घरचं नाव असेल तर ते शोधते, त्यासाठी त्या भागातल्या बाईला फोन करते. नसेल तर मूळ नाव ठेवते आणि शेजारच्या क्रियापदाकडे लक्ष देते. थापलं, घाटलं, रगडलं, वाळवलं यातलं योग्य ते आलं की नावाला टीप लागत नाही. मधला शब्द घेत नाही. करारात 'स्थानिक शब्दांचे सुलभीकरण' असं कलम असेल तर खोडून पाठवते. दोन कामं त्यापायी गेली.

या अंकाच्या संपादकांनाही विनंती आहे. हा लेख इतर भाषांत जाणार असेल तर तो मराठीतूनच जावा, आणि त्यातल्या चान्या, सोले, डांगर यांच्यापुढे कंस उघडू नये.