बोअरचं पाणी आणि कूलंट

आमच्या हिंगोली जिल्ह्यात मोटरसायकल म्हणजे वर्षानुवर्षे स्प्लेंडर, नाहीतर प्लॅटिना. वाऱ्याने थंड होणारं इंजिन, पाणी-बिणी बघायचा प्रश्नच नाही. आता वसमत, कळमनुरीच्या पोरांकडे पल्सर एनएस २०० किंवा यामाहा आर१५ दिसते. या गाड्यांना रेडिएटर असतो, आणि रेडिएटर म्हटलं की आपल्याला आठवतो ट्रॅक्टर! झाकण उघडा, बोअरचं पाणी ओता, चला हळदीच्या रानात.

मंडळी, ही सवय मोटरसायकलला लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. (ट्रॅक्टरलाही नकोच, पण घरात ऐकतंय कोण!) आपलं बोअरचं पाणी क्षाराचं. बंबात जसा पांढरा थर बसतो तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कूलंटमधल्या ग्लायकॉलमुळे पाणी उशिरा उकळतं, बाकीची रसायनं गंज रोखतात.

तपासायला दोन मिनिटं लागतात. इंजिन गार हवं, गाडी सरळ उभी. छोट्या टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये पातळी दिसली पाहिजे. कमी असेल तर कंपनीने सांगितलेलं कूलंट त्याच टाकीत घालायचं. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी दाबाने थेट तोंडावर येतं. आणि डबा लेकरांपासून, कुत्र्यांपासून लांब ठेवा. चवीला गोड, पण विष आहे ते.

पातळी सारखी उतरत असेल तर ओतत बसू नका, गळती शोधा. वाटेत अडलातच तर बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं.