न्यूट्रलची काटकसर

मागच्या महिन्यात आम्ही लॉस एंजेलिसहून बे एरियाकडे परत येत होतो. गाडी मुलगी चालवत होती. लायसन्स मिळून तिला जेमतेम चार महिने झालेत. तेजोन पास ओलांडला, ग्रेपव्हाइनचा उतार सुरू झाला आणि तिचा हात गिअरकडे गेला. "बाबा, न्यूट्रल टाकू? काका म्हणाले, गॅस वाचतो."

काका म्हणजे आमच्या मंडळातले एक ज्येष्ठ सद्गृहस्थ. पिकनिकला पोरांना गोळा करून मायलेजचे धडे देतात. माणूस प्रेमळ आहे, म्हणूनच हे लिहायला जड जातंय. पण हा धडा चुकीचा आहे आणि धोक्याचाही, आणि तो देणारे ते एकटे नाहीत. प्रत्येक मंडळात असे दोन-तीन तरी सापडतील.

हे शहाणपण आपण देशातून बरोबर आणलं. खंडाळ्याच्या घाटात स्कूटर बंद करून उतरणारे आमचे बाबा मला अजून दिसतात. तेव्हा त्यात तथ्य होतं. कार्बुरेटर असलेल्या गाडीत पाय सोडला तरी चाकांबरोबर फिरणारं इंजिन पेट्रोल ओढतच राही. गिअर काढला की इंजिनचे फेरे कमी, पेट्रोलही कमी. पण अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच नव्या गाड्यांतून कार्बुरेटर गेला. आता पेट्रोल किती सोडायचं हे संगणक ठरवतो. गाडी गिअरमध्ये आहे, पाय वर आहे, इंजिन पुरेसं फिरतंय, असं दिसलं की तो पेट्रोल पूर्ण बंद करतो. कमी नव्हे, शून्य. इंजिनला तेव्हा चाकं फिरवत असतात. न्यूट्रल टाकलं की हा फुकटचा आधार तुटतो आणि इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल पुन्हा सुरू करावं लागतं. म्हणजे जे वाचवायला गेलो तेच जाळलं.

काकांचा पुरावा असतो डॅशबोर्डवरचा आकडा. "बघ, ९९.९ दाखवतंय!" अहो, बऱ्याच गाड्यांत तो आकडा त्याच्या पुढे जातच नाही. न्यूट्रलमध्ये ९९.९ आणि पेट्रोल पूर्ण बंद असतानाही ९९.९. ज्या काट्याला दोन्हींतला फरक दिसत नाही, तो साक्षीला काय कामाचा?

बरं, हिशेब तरी करू. ग्रेपव्हाइनचा उतार सुमारे ५ मैलांचा, ताशी ६० मैलांनी ५ मिनिटांचा. साधी कार नुसती घुरघुरत उभी राहिली तरी तासाला पाव गॅलनच्या आसपास पिते. ५ मिनिटांत होतो त्याचा बारावा भाग. गॅलनला ५ डॉलर धरले तर १० सेंट, आणि तेही न्यूट्रलवाल्याच्याच खिशातून जाणारे.

आता धोका. साधारण ६ टक्के उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी आवरायला फक्त ब्रेक उरतात. ते सतत दाबले की तापतात, आणि तापले की पकड सोडतात. त्या उतारावर ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला खडीची वाट उगाच बांधलेली नाही. इंजिनच बंद करणारे महाभाग तर पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकला मिळणारी मदतही गमावतात. पुण्याच्या नवले पुलाजवळचा उतार आठवा. नोव्हेंबर २०२२मध्ये तिथे एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली, तेव्हाही इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरण्याचीच चर्चा झाली. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात, कलम २१७१०, उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडायला सरळ मनाई आहे.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. अगदी मंद उतारावर गिअरमधली गाडी हळू पडते, मग पुन्हा गॅस द्यावा लागतो. न्यूट्रलमध्ये ती लांबवर घरंगळते. खरं आहे. काही जर्मन गाड्या अशा वेळी इंजिन आपणहून सुटं करतात, पण ब्रेकला पाय लागताच पुन्हा जोडतातही. ते काम त्यांच्या संगणकाला करू दे. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीने फ्रीवेवर गिअरशी खेळत ते करायचं नाही.

गॅस खरंच वाचवायचाय ना? मग पुढचा सिग्नल लाल दिसला की तिथेच पाय उचला. आपल्यातले कित्येक जण लाल दिव्यापर्यंत गॅस देतात आणि शेवटच्या क्षणी ब्रेक मारतात. सरकारी आकडे सांगतात की असं धसमुसळं चालवल्याने फ्रीवेवर मायलेज १५ ते ३० टक्के घटतं, थांबत-थांबत चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये १० ते ४० टक्के. ८०ने पळणारे आमचे काका उतारावर १० सेंट शोधतात, आणि मग कॉस्टकोच्या पंपावर वीस मिनिटं रांगेत इंजिन चालू ठेवून बसतात!

त्या दिवशी मुलीला म्हटलं, "पाय उचल आणि एक गिअर खाली घे." इंजिनचा आवाज चढला, तशी ती दचकली. "बाबा, हे जास्त गॅस खातंय ना?" नाही म्हटलं, आत्ता काहीच खात नाहीये. शेजारच्या लेनमधून एक ट्रक हळूहळू उतरत होता, त्याच्या ब्रेकचा जळका वास आमच्या गाडीत आला. खाली पोहोचेपर्यंत तिने ब्रेकला तीनदाच पाय लावला. पुढच्या पिकनिकला हे काकांना तीच सांगणार आहे.