तांड्याचा फोटो तांड्यानं काढावा

रामनवमीला पोहरादेवीत, बंजारा समाजाच्या तीर्थक्षेत्री, कॅमेऱ्यांना तोटा नसतो. वर्तमानपत्रांचे येतात, वाहिन्यांचे येतात, मोठ्या शहरांतून हौशी मंडळीही येतात. सगळ्यांना हवी असते ती फेटिया-कांचळीतली, कोपरापर्यंत बलिया भरलेली म्हातारी याडी, म्हणजे आई. फोटो छापून येतो आणि खाली दोनच शब्द असतात, ‘बंजारा महिला’. तिचं नाव नाही, तांड्याचं नाव नाही, आणि त्या फोटोची एक प्रतही तिच्या घरी पोचत नाही. त्यामुळे मानोरा-दिग्रसकडचा एखादा मुलगा किंवा मुलगी ‘पहिला कॅमेरा कोणता घेऊ?’ असं विचारते, तेव्हा मला मनापासून आनंद होतो.

ही रीत आजची नाही. इंग्रज अमदानीत 1868 ते 1875 या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड निघाले. त्यात इथल्या माणसांचे फोटो जाती-जमातींची लेबलं लावून मांडले होते. पाहणारा परका, पाहिला जाणारा मुका. हे उलटं करता येतं, याचा दाखला आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. अकोल्यात जन्मलेल्या सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो अनेक वर्षं काढले. त्यांच्या कामावर गेले, त्यांच्या घरी गेले. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे फोटो पाहताना जाणवते ती समोरच्या माणसाशी असलेली ओळख. कॅमेरा कोणत्या कंपनीचा होता, हा प्रश्न मनात येतही नाही.

म्हणून दुकानात पाय ठेवण्याआधी फोटो कुणाचे काढायचे ते ठरवा. संत सेवालाल महाराजांच्या समाधीपुढची गर्दी, होळीची लेंगी गाणी, तांड्यातल्या घरात कशिदा काढत बसलेली आजी, की शेतावरचे पक्षी? पक्ष्यांसाठी लांब पल्ल्याची, महागडी लेन्स लागते. माणसांचं काम त्यामानानं कमी पैशात होतं. मी माणसांच्या बाजूचा आहे, म्हणून पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

मेगापिक्सलच्या मागे लागू नका. 24 मेगापिक्सलचा कॅमेरा साधारण सहा हजार बाय चार हजार ठिपक्यांचा फोटो देतो. इंचाला 300 ठिपके धरले, तरी वीस बाय तेरा इंचांची उत्तम प्रिंट निघते. घराच्या भिंतीवर याहून मोठा फोटो किती जण लावतात? मोबाइल आणि कॅमेरा यांतला खरा फरक सेन्सरच्या आकारात आहे. अशा कॅमेऱ्यातला एपीएस-सी आकाराचा सेन्सर मोबाइलच्या सेन्सरपेक्षा कितीतरी मोठा असतो. त्यामुळे संध्याकाळच्या अंधूक उजेडातही चेहऱ्याचा पोत टिकतो. दुसरी गोष्ट आपल्या उन्हाची. चैत्रातल्या दुपारी मोबाइलच्या पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून डोळा लावून पाहायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर असलेलाच कॅमेरा घ्या.

चाळीस हजार असतील, तर सगळे बॉडीवर घालू नका. कॅमेऱ्यासोबत मिळणारी 18-55 ची लेन्स सुरुवातीला पुरते. पण तिच्या लांबच्या टोकाला उजेड आत घेणारं छिद्र एफ 5.6 पेक्षा मोठं उघडत नाही. एफ 1.8 ची 35 किंवा 50 मिलिमीटरची लेन्स त्याच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. घरातल्या एका बल्बच्या उजेडात हाच फरक फोटो वाचवतो. घर लहान असेल, तर 35 घ्या. 50 ची लेन्स लावली, की मागे सरता सरता पाठ भिंतीला टेकते.

जुना कॅमेरा घ्यायला लाजू नका. लग्नाचे फोटो काढणारे बरेच जण आता मिररलेसकडे वळलेत, त्यामुळे चांगले डीएसएलआर स्वस्तात निघतात. घेताना शटर किती वेळा चाललं ते विचारा. सुरुवातीच्या श्रेणीतल्या बॉडीचं शटर साधारण लाखभर फोटोंसाठी बनवलेलं असतं. लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी आहे. तशी लेन्स परत ठेवा. मग छिद्र एफ 16 वर नेऊन मोकळ्या आभाळाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले, तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण भाव करताना सांगायला विसरू नका.

कॅमेरा हातात आला, की एक धडा बंजारा पोशाखच शिकवतो. भर उन्हात कांचळीवरचे आरसे चमकतात आणि कॅमेरा फसतो. उजेड फार आहे असं समजून तो सगळा फोटो अंधारतो, आणि ओढणीखालचा चेहरा काळाठिक्कर पडतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन एक घर वाढवा. त्याहून बरं म्हणजे, ‘याडी, जरा निंबाखाली येता का?’ असं विचारा. सावलीत आरसे शांत होतात, डोळे उघडतात, सुरकुती न् सुरकुती दिसते. तिथं दोन शब्द बोलणंही होतं. नाव, तांडा, तारीख त्याच दिवशी वहीत लिहा. प्रिंट काढून त्या घरी नेऊन द्या. ज्याला हे जमलं, त्याचा पहिला कॅमेरा वसूल झाला.

पोहरादेवीत 5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत नंगारा संग्रहालयाचं उद्घाटन झालं. समाजाचा वारसा तिथं जपला जातोय, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण संग्रहालयात घराघरातली माणसं मावत नाहीत. त्यांची नोंद घरच्यांनीच ठेवायची असते. आई-वडिलांना माझं सांगणं आहे, पोरानं कॅमेरा मागितला तर त्याला चैन म्हणू नका. आणि पोरांनो, पैसे साठेपर्यंत थांबू नका. हातानं कशिदा काढणारी, लेंगी तोंडपाठ असणारी पिढी आता थकत चालली आहे. हातात मोबाइल आहे, त्यानंच आज घरच्या आजीपासून सुरुवात करा.