जवाचं पाणी

"बिअर म्हणजे काय दारू व्हय वैनी? जवाचं पाणी आहे ते."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते धाकट्या दीरांच्या तोंडून, घरच्या एका लग्नाच्या आदल्या रात्री. मी गच्चीवर गाद्या मोजायला गेले होते आणि गाद्यांच्या आड चार बाटल्या उभ्या होत्या. त्यानंतर हेच वाक्य मामेभावाकडून ऐकलं, एका डॉक्टरांकडून ऐकलं, पाठशाळेला दरवर्षी देणगी देणाऱ्या एका सद्गृहस्थांकडून ऐकलं. शब्दसुद्धा बदलत नाहीत. जसं काही कुणी पाठ करून घेतलंय. आणि गेल्या वर्षी ते एका मध्यस्थांकडून ऐकलं, माझ्या घरी, माझ्याच हातचा चहा पिताना. त्या दिवशी ठरवलं की आता लिहायचं.

गोष्ट अशी. माझी भाची बेंगळुरूला नोकरी करते. कचेरीतल्या मंडळींबरोबर ती एका ठिकाणी गेली, जिथे बिअर तिथल्या तिथे तयार करतात. तिथे लाकडी फळीवर सहा लहान ग्लास लावून देतात, सहा प्रकार, चव बघायला. मैत्रिणीनं फोटो काढला, तो फिरत फिरत पोचायचा तिथे पोचला. साखरपुडा होऊन दोन महिने झाले होते. पलीकडून निरोप आला, "मुलीचे संस्कार आमच्या घरात बसणारे नाहीत." बहीण आठ दिवस अंथरुणावर. मग मध्यस्थ आले आणि म्हणाले, मुलीनं माफी मागितली तर बघू काहीतरी. मी विचारलं, "आणि मुलगा? दर डिसेंबरात चोर्ल्याचा घाट उतरून गोव्याला जातो तो काय मंगेशीच्या दर्शनाला?" तर बशीतला चहा फुंकत म्हणाले, "तो कधीतरी बिअर घेतो हो. ते काय, जवाचं पाणी."

एकाच तोंडातून, एकाच चहाच्या कपावर. तिनं घेतलं तर संस्कार बुडाले, त्यानं घेतलं तर जवाचं पाणी!

तर आधी या पाण्याचंच बघू. आपल्या घरात भाद्रपदात दळून आणलेलं पीठ तीन दिवसांवर गेलं की वापरत नाहीत. उन्हाळ्यात पाच दिवस, थंडीत सात. ही मर्यादा कोण मोजतं? मी मोजते, तुम्ही मोजता. चौथ्या दिवशी डब्याच्या तळाशी उरलेलं पीठ बाजूला काढताना हात जड होतो, पण काढतो. कारण त्यात जीव उत्पन्न होतात असं आपल्याला शिकवलंय. पाणी दुहेरी फडक्यातून गाळतो. माझ्या आजेसासूबाई तर गाळण्यात अडकलेले जीव त्याच विहिरीत परत सोडायच्या, तेही बादली हळू उतरवून, वरनं ओतायचं नाही. आता ऐका बिअर कशी होते ते. जव भिजवून त्यांना मोड आणतात. मग ते वाळवतात, भाजतात, भरडतात, गरम पाण्यात ठेवून त्यातली गोडी उतरवून घेतात. हॉप नावाच्या वेलीची फुलं घालून उकळतात, म्हणजे कडूपणा येतो. इथपर्यंत म्हणा हवं तर जवाचं पाणी. पण मग ते निववून त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट म्हणजे जिवंत जीव, थेंबाथेंबात लाखोंनी. ते ती गोडी खातात, वाढतात, आणि त्यातून मद्यार्क तयार होतो. एखाद्या प्रकाराला आठवडा-पंधरवडा लागतो, एखाद्याला कित्येक आठवडे. जर्मनीतल्या बव्हेरियात १५१६ साली कायदा झाला की बिअर फक्त जव, हॉप आणि पाणी यांचीच करायची. त्यात यीस्टचं नाव नाही. ती जिवंत असते हे तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं. बिअर आंबते ती या जीवांमुळे, हे लुई पाश्चरनं अभ्यासून १८७६ साली बिअरवर आख्खा ग्रंथ लिहिला.

आपल्याकडे ते आधीच लिहिलेलं होतं. अमृतचंद्राचार्यांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाया'त मद्याला दोन दोष लावले. एक, ते मनाला मोहित करतं आणि मोहित झालेला माणूस धर्म विसरून बेधडक हिंसा करतो. दुसरा, मद्य हीच असंख्य जीवांची जन्मभूमी, म्हणून ते पिण्यातच हिंसा आहे. सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी शतकं आधी. तीन दिवसांचं पीठ चालत नाही आणि तीन आठवडे आंबवलेलं चालतं, हे गणित ज्याला जमतं त्यानं मला येऊन शिकवावं. शिवाय काही ठिकाणी बिअर नितळ करायला माशाच्या पोटातल्या फुग्यापासून केलेला पदार्थ घालायची पद्धत आहे. आयर्लंडच्या गिनेसवाल्यांनी तो बंद करणार असं २०१५ साली जाहीर केलं, म्हणजे तोवर होता. लेबलावरचा हिरवा ठिपका शोधून बिस्किटाचा पुडा घेणाऱ्या आमच्या मंडळींनी बाटली कधी उलटून वाचलीय का?

"पण त्यात असतं कितीसं?" हाही ठरलेला प्रश्न. हिशेब करू. आपल्याकडची मोठी बाटली ६५० मिलिलिटरची. 'स्ट्राँग' लिहिलेली बिअर आठ टक्क्यांपर्यंत असते. म्हणजे बाटलीत ५२ मिलिलिटर मद्यार्क. व्हिस्कीचा मोठा पेग ६० मिलिलिटरचा, ४२.८ टक्क्यांचा, म्हणजे जवळजवळ २६. दोन मोठे पेग म्हणजे एक स्ट्राँग बाटली. व्हिस्की पिणाऱ्याला आपण दारुडा म्हणतो आणि बाटली संपवणाऱ्याला म्हणतो, उकडत होतं म्हणून घेतली. किंवा मुतखडा आहे म्हणून. हा मुतखडा तर आमच्या समाजात काय पसरलाय! लग्नाच्या वयाचा एकही मुलगा त्यातनं सुटलेला नाही.

आता या सगळ्यात मला जे खरं सलतं ते सांगते. शास्त्र कुणाला उद्देशून आहे? समंतभद्रांनी 'रत्नकरंडका'त गृहस्थाचे मूळगुण सांगितले, त्यात मद्य, मांस आणि मध यांचा त्याग पहिला. पाठशाळेत आपली मुलं सप्तव्यसनं घोकतात. जुगार, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी, परस्त्री. जरा थांबून बघा ना या यादीकडे. वेश्यागमन आणि परस्त्री ही व्यसनं कुणाची? ही यादी लिहिताना लिहिणाऱ्यासमोर पुरुष उभा होता. उपदेश त्याला होता. त्यानं तो घेतला, नीट घडी घातली आणि बायकोच्या हातात दिला, सांभाळ म्हणून. कंदमूळ ती सोडते. दिवे लागणीच्या आत ती जेवते, आणि रात्री अकराला आलेल्यासाठी परत गॅस पेटवते. दशलक्षणात दहा उपवास तिचे, पारण्याचा फोटो त्याच्यासोबत. आणि इतकं करून घराचं 'संस्कार' नावाचं जे काही आहे ते सगळं तिच्या लेकीच्या एका ग्लासात बुडतं.

मी बेंगळुरूला गेले. रागानंच गेले होते, खोटं कशाला बोलू. पोरीला समोर बसवून म्हटलं, "का घेतलीस?" मला वाटलं, म्हणेल मैत्रिणींनी आग्रह केला, नुसता ओठाला लावला. ती म्हणाली, "मावशी, मला आवडते. चव आवडते."

मी गप्प झाले. इतक्या वर्षांत आपल्या समाजात बिअरबद्दल हे पहिलं खरं वाक्य मी ऐकत होते.

मग म्हटलं, मला दाखव काय आवडतं ते. गेलो तिथे. मी लिंबूपाणी मागवलं, तिनं तेच सहा ग्लास मागवले, माझ्यासमोर. घेतले नाहीत ओठाला, पण एकेक करून वास घेतला, आणि त्याची मला लाज वाटत नाही. एकाला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास. गव्हाची, जर्मन पद्धतीची. म्हटलं, केळं घालतात? ती हसली, "केळं नाही, लवंग नाही, ती यीस्टच तसा वास देते." दुसरी बेल्जियमच्या पद्धतीची, तिच्यात खरोखरचे धने आणि संत्र्याची साल. धन्याचा वास मला लगेच कळला, रोजचा आहे. एक काळीकुट्ट, भाजलेल्या जवाची, अगदी कॉफीच्या डब्यात नाक घातल्यासारखी. एक कडू, लिंबाची पानं चुरगाळल्यासारखी. ती म्हणे आधी घशाला टोचते, मग तीच हवीशी वाटते. आणि एक सोनेरी, नितळ. तसली पहिल्यांदा झाली ती बोहेमियातल्या प्लझेन गावात, १८४२ साली. त्याआधी तिथली बिअर गढूळच असायची. पोरगी हे सगळं असं सांगत होती जशी माझी आई शेवग्याच्या शेंगेच्या आमटीबद्दल सांगायची. आणखी एक गंमत तिनंच सांगितली. जुन्या सुमेर देशात बिअरची देवता होती, निनकासी, बाई! युरोपातही शतकानुशतकं घरोघरी बायकाच ती गाळायच्या. धंद्यात पैसा दिसल्यावर पुरुष आले.

आता काही भगिनी म्हणतील, आक्का बिअरचं कौतुक करायलीय. कौतुक नव्हे. पण रसच नाही असं म्हणून रसत्याग होत नाही. आपल्या बाह्य तपात रसपरित्याग आहे. आपण आज मीठ सोडतो, उद्या तूप, परवा गूळ. मीठ नसलेली भाजी घशाखाली उतरत नाही, म्हणून तर तो त्याग. मीठ मला आवडतच नाही, मुतखड्यासाठी खाते, असं म्हणून कुणी मीठ सोडल्याचं पुण्य मागितलं तर आपण हसू. बिअरमध्ये आनंद आहे. चवीचा आहे, सोबतीचा आहे, सहा ग्लास पुढे ठेवून हा बरा की तो बरा करण्याचा आहे. तो आहे असं म्हणा, आणि मग सोडा. किंवा नाही सोडवत असं सांगा. माझी भाची तेवढं तरी म्हणाली. तिला मी तिथेच सांगितलं, "बाई, हे आपल्या धर्मात बसत नाही, आणि तुला आवडतं म्हणून ते बसायला लागणार नाही." ती म्हणाली, "ठाऊक आहे मावशी. मी विचार करते." पण माफी? माफी कुणाची? ज्या घरात फ्रिजच्या खालच्या कप्प्यात कोथिंबिरीच्या मागे बाटली आडवी ठेवलेली असते, त्या घराची? बहिणीला फोन करून सांगितलं, अंगठी परत पाठव. पाठवली. तिचं पुढे काय होईल मला माहीत नाही. दोन स्थळं आली आणि फोटोचं कळल्यावर गेली. हे मी गोड करून सांगणार नाही.

पुरुषांवर एवढं लिहिलं, आता आपल्याकडे वळते, कारण वाचणार तुम्हीच. त्या रिकाम्या बाटल्या कोण टाकतं हो? रविवारी सकाळी वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून, खण्णकन वाजू नये म्हणून मध्ये फडकं घालून, आपल्या गल्लीतल्या भंगारवाल्याला न देता तिसऱ्या गल्लीतल्याला नेऊन कोण देतं? मी पंचवीस वर्षं देत आलेय. सासूबाईंना कळू नये म्हणून सुरू केलं. सासूबाई गेल्या, मी देतच राहिले. त्यांना कळलं नसेल असं आता वाटतही नाही, बहुतेक त्याही कुणासाठी तरी हेच करत असणार. ज्या हातांनी सकाळी पूजेची उपकरणी घासायची त्याच हातांनी. आणि वर बसदीत त्याच पोरीबद्दल कुजबुजणाऱ्यांत आपणच. मीसुद्धा एकीच्या मुलीबद्दल कुजबुजले होते, दहा वर्षांपूर्वी. नाव लिहीत नाही, तिला कळेल.

बेंगळुरूहून परत आल्यावर एका रविवारी मी बाटल्या गुंडाळल्या नाहीत. धुतल्या, आणि दाराबाहेर रांगोळीच्या शेजारी ओळीनं मांडल्या. पाच होत्या. सात वाजता अभिषेकाला जाणारी माणसं रस्त्यानं जायला लागली. धाकटे दीर आंघोळ करून, सोवळं नेसून, हातात नारळ घेऊन बाहेर आले आणि थबकले. माझ्याकडे बघितलं. मी तुळशीला पाणी घालत होते.

"वैनी, हे काय करायलाय?"

म्हटलं, "काही नाही भावजी. जवाचं पाणी आहे ते. लपवायचं काय त्यात?"

त्यांनी नारळ कट्ट्यावर ठेवला, खाली वाकले आणि सोवळ्याच्या पदरात एकेक बाटली घ्यायला लागले.