विश्लेषण : अंतराळयानात परशुराम चालेल, पण भैरीबुवाला ‘हिट पॉइंट’ द्यायचे का?

गेल्या पावसाळ्यात आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री एका मित्राच्या पडवीत बसून एक खेळ खेळायचो. समोर कागद, पेन्सिली, वीस बाजूंचा एक फासा आणि चहाचा थर्मास. गोष्टीतलं साल २३४०. समुद्र वर आलाय, मिऱ्या, मांडवी, भाट्ये पाण्याखाली गेलंय आणि उरलेलं कोकण पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका वसाहतीत राहतंय. या वसाहतीत परशुराम आहे. बाण मारून समुद्र मागे हटवणारा आणि त्या जागेवर कोकण वसवणारा, म्हणजे आजच्या भाषेत ग्रह राहण्याजोगे करणारा अभियंता. कल्पना भन्नाट होती. मी इंजिनीअरिंग केलेली, त्यामुळे परशुरामाच्या बाणाला किती ऊर्जा लागेल याचा हिशेबही मी एका रात्री मांडून ठेवला होता.

सहाव्या शनिवारी खेळ चालवणाऱ्या मित्राने रत्नागिरीचं ग्रामदैवत श्रीदेव भैरीसुद्धा गोष्टीत आणलं. त्याच्यासाठी रीतसर तक्ता भरला : ताकद १८, हिट पॉइंट २४०. आमच्यातल्या एकाने पेन्सिल खाली ठेवली. त्याच्या घराण्याचा शिमग्यात पालखीला खांदा असतो. ‘‘आणि हे शून्य झाले तर?’’ त्याने विचारलं. ‘‘तर देव मरतो. नियम तसाच आहे.’’ तो भांडला नाही. छत्री घेतली आणि गेला. पुढचे दोन शनिवार आलाच नाही.

तो उगाच चिडला, असं तेव्हा मला वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. का, ते सांगायचंय.

हा खेळ आहे तरी काय?

याला रोलप्लेइंग गेम म्हणतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, त्या पात्राच्या तोंडून बोलतात आणि निर्णय घेतात. घाव लागला की नाही, दार उघडलं की नाही, हे फासा ठरवतो. या प्रकारातला पहिला गाजलेला खेळ, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, १९७४ साली अमेरिकेत आला. सहाच वर्षांत, १९८० मध्ये, त्याचं देवदेवतांचं पुस्तक निघालं आणि त्यात ग्रीक, इजिप्शियन देवांच्या रांगेत इंद्र-अग्नीही होते, अंगावरच्या आकड्यांसकट. जपानच्या ‘शिन मेगामी तेन्सेई’ या १९९२ च्या व्हिडीओ गेममध्ये तर खेळाडू संगणकाच्या प्रोग्रॅममधून देव-दानवांना बोलावतो आणि आपल्या बाजूने लढायला लावतो.

विस्कॉन्सिनमध्ये बसून झ्यूसला आकडे देणं सोपं आहे. झ्यूसची पालखी कोणाच्या दारात येत नाही. भैरीबुवाची येते, आणि त्या दिवशी सून माहेरून परत येते, मुंबईकर रजा टाकून येतो, वर्षभर न बोलणारे भाऊ एकाच पालखीला खांदा देतात. ‘प्राचीन पुराणकथांतले देव’ हा शब्दप्रयोग करताना पाश्चात्त्य लेखकाच्या डोक्यात संपलेले धर्म असतात. आपल्याकडे ते प्राचीनही आहेत आणि परवा नवस बोललेलेही.

म्हणजे विज्ञानकथेत देव नकोतच?

छे. हवेत, आणि आहेतच. डॉ. जयंत नारळीकरांनी ऐंशीच्या दशकात लिहिलेल्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत यंत्रमानवाचं नाव वामन आहे. लहानसं मागून सगळंच व्यापणारा तो बटू. स्वतःसारखी दुसरी यंत्रं घडवू पाहणाऱ्या यंत्राला यापेक्षा चपखल नाव कुठलं? नारळीकर पुराणावर विश्वास ठेवा म्हणत नाहीत, पुराणाची टिंगलही करत नाहीत. बळीची गोष्ट प्रत्येक मराठी वाचकाला पाठ असल्याने एका शब्दात त्यांचं अर्धं काम होतं.

अमेरिकी लेखक रॉजर झेलाझ्नी यांच्या ‘लॉर्ड ऑफ लाइट’ (१९६७) या कादंबरीत परग्रहावर पोहोचलेली माणसं तंत्रज्ञानाच्या जोरावर हिंदू देवांची रूपं घेतात आणि ते ज्ञान सामान्यांपर्यंत पोहोचू देत नाहीत. तिथे देव म्हणजे सत्ता हातात असलेली माणसं. तिला १९६८ चा ह्युगो पुरस्कार मिळाला. (याच कादंबरीवरच्या न निघालेल्या चित्रपटाची संहिता सीआयएने १९८० मध्ये तेहरानमधून सहा अमेरिकी अधिकाऱ्यांना सोडवताना बनाव म्हणून वापरली. ‘आर्गो’ पाहिला असेल तर आठवेल.) आणि २०२४ च्या ‘कल्की २८९८ एडी’मध्ये अमिताभ बच्चन यांचा अश्वत्थामा पाहायला आपण सगळेच गेलो होतो.

तेव्हा प्रश्न देव असण्याचा नाही. देवाचं काय होऊ शकतं, हे कोणाच्या हातात आहे, याचा आहे.

दशावतारी काय करतात?

हा खेळ पाश्चात्त्य आहे, असं आमच्या गटात सगळे धरून चालले होते. वास्तविक तळकोकणात तो पिढ्यान्‌पिढ्या चाललाय. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून १ मे १९८१ रोजी वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री दशावतार उभा राहतो, तेव्हा नटांच्या हातात लिखित संहिता नसते. आख्यान कुठलं, कोण कोणता, प्रसंग कुठून कुठे जायचा, एवढं आधी ठरतं. बाकीचे संवाद नट उभ्या-उभ्या रचतो, मृदंग आणि पेटी त्याला सावरून घेतात. पूर्वरंगात वेद चोरणारा संकासूर येतो आणि तो चक्क मालवणीत टोलेबाजी करतो, समोरच्या प्रेक्षकांनाही सोडत नाही. दुपारी शेतात असलेला माणूस रात्री विष्णू होतो. रोलप्लेइंग याहून वेगळं काय असतं?

फरक दोन ठिकाणी आहे. पहिला, नट आधी पेटाऱ्याला हात जोडतो. ज्यात देवांचे मुकुट आणि कपडे ठेवलेले असतात त्या पेटाऱ्याची पूजा होते, मगच रंग चढतो. दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो : दशावतारात बोलणं मोकळं आहे, शेवट मोकळा नाही. संकासूर कितीही हशा मिळवो, वेद परत येणार हे सगळ्या जत्रेला माहीत असतं. त्या खात्रीवरच देवाशी इतकी थट्टा चालते. आमच्या टेबलावर आम्ही नेमकं उलटं केलं. बोलणं अवघडलेलं, आणि शेवट मात्र फाशावर सोडलेला.

गेल्या सप्टेंबरमध्ये, २०२५ ला, दिलीप प्रभावळकरांचा ‘दशावतार’ चित्रपट आला तेव्हा शहरातल्या अनेकांना ही कला नव्याने कळली. चांगलंच झालं. पण ट्रिकसीनच्या धुरापलीकडे त्यात उत्स्फूर्त गोष्ट रचण्याचे जे नियम आहेत, ते आपल्या गेम बनवणाऱ्या मुलांनी जाऊन बघायला हवेत. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा व्हिडीओ गेम काढला, त्यात खेळाडू दुर्गा किंवा विष्णू होत नाही. तो राजी नावाची मुलगी होतो आणि देव तिला आयुधं देतात. साधी युक्ती आहे, पण सगळा पेच त्यातच सुटतो.

कल्पना आणि दावा

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण तिथे मी जास्त कडक आहे. परशुराम हा ग्रह घडवणारा अभियंता, ही माझ्या खेळातली कल्पना आहे. ‘परशुरामाकडे खरंच ते तंत्रज्ञान होतं’ हा दावा आहे. पहिलीला दाद द्यावी, दुसऱ्याला पुरावा मागावा. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईतल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. ज्या ‘वैमानिकशास्त्रा’चा असा आधार घेतला जातो, ते बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्येच तपासलं होतं : ग्रंथ विसाव्या शतकातला, आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत. आपल्या जिल्ह्यातल्या कातळशिल्पांचंही तेच. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, आणि समाजमाध्यमांवर मात्र ती परग्रहावरच्या पाहुण्यांची कामं म्हणून फिरतात. बारसूच्या सड्यावर उन्हात बसून ज्या माणसाने जांभा कोरला, त्याचं श्रेय आपण कोणा उडत्या तबकडीला का द्यायचं?

आणि कायदा?

विचारतात म्हणून लिहिते. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ (पूर्वीचं २९५अ) धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतुपुरस्सर आणि दुष्ट कृतीला लागू होतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ‘हेतुपुरस्सर आणि दुष्ट’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पडवीतल्या खेळासाठी हे कलम नाही आणि तिथवर ते ओढूही नये. ‘स्माइट’ या ऑनलाइन गेममधल्या कालीच्या चित्रणावर २०१२ मध्ये अमेरिकेतून आक्षेप आले, बातम्या झाल्या. अशा वादात देव बाजूला राहतो आणि कोण जास्त दुखावलं याची स्पर्धा सुरू होते. माझ्या मित्राने तक्रार केली नाही. तो नुसता उठून गेला, आणि म्हणूनच त्याचं म्हणणं आम्हाला ऐकू आलं.

आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने आंबोळ्या घातल्या आणि सगळं ऐकून घेतलं. तो म्हणाला, ‘‘परशुरामाचं तुम्ही काहीही करा, तो पोथीतला. आमच्या वाडीत कोणी त्याला गाऱ्हाणं घालत नाही. भैरीला घालतात.’’ हे मला तोवर सुचलंच नव्हतं. परशुराम हा कोकणातल्या सगळ्यांचा मूळपुरुष नाही. ती गोष्ट कोणाची, कोणी लिहिली, तिच्यात कोण नाही, हे प्रश्न विज्ञानकथेत नेलं म्हणून पुसले जात नाहीत. उलट, नव्या ग्रहावर कोणाची गोष्ट सोबत न्यायची, हाच आमच्या खेळाचा खरा विषय व्हायला हवा होता.

मग तोच म्हणाला, देवाला आकडे नकोत, कौल लावू. गावात लावतात तसा : पाषाणावर कळ्या, उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. खरा कौल अर्थात देवळातच, गुरवाकडेच. खेळात आम्ही एका वाटीत दोन रंगांची बटणं ठेवली. २३४० मधल्या वसाहतीत भैरीबुवा आता कुठे दिसत नाही, लढत नाही. हवेची टाकी फुटली की माणसं जमतात, एक जण गाऱ्हाणं घालतो, बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात आणि वाटीत हात जातो. डावं बटण आलं तर दुसरा मार्ग शोधायचा. तो शोधायचा माणसांनीच.

गाऱ्हाणं घालायचं काम त्याच्याकडे आहे. मागच्या शनिवारी त्याने मिऱ्याच्या बंधाऱ्यासाठी घातलं. तो बंधारा आमच्या गोष्टीत तीनशे वर्षांपूर्वीच बुडालाय, हे त्याला कोणी सांगितलं नाही.