सागराची फिर्याद

हॅम्बर्ग येथील आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणाने २१ मे २०२४ रोजी एकमताने दिलेल्या अभिप्रायाची आपल्याकडे व्हावी तशी चर्चा झाली नाही. मानवी व्यवहारांतून वातावरणात जाणारे हरितगृह वायू म्हणजे सागरी प्रदूषणच होय, असा तो निर्वाळा. हा प्रश्न तेथे नेला तो कोणा महासत्तेने नव्हे, तर तुवालू आणि अँटिग्वा-बार्बुडा यांच्या पुढाकाराने २०२१ साली एकत्र आलेल्या चिमुकल्या द्वीपराष्ट्रांनी. ज्यांची धुराडी नगण्य, त्यांच्याच दारात समुद्र येऊन ठेपला आहे!

मानवाने सोडलेल्या कर्बवायूपैकी सुमारे चतुर्थांश वायू समुद्राने पोटात घेतला. साठलेल्या अतिरिक्त उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णताही त्यानेच झेलली. परिणामी औद्योगिक क्रांतीपासून पृष्ठजलाचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर उतरला. आकडा क्षुल्लक भासतो, परंतु त्याचा अर्थ आम्लता सुमारे पाव हिश्शाने वाढली असा होतो. शिंपले व प्रवाळ ज्या कार्बोनेटवर आपले कवच रचतात, तेच त्यामुळे घटते. सूर्यप्रकाश परतवून पृथ्वी थंड करण्याच्या ज्या योजना पाश्चात्त्य विद्वान रंगवीत असतात, त्यांच्यात या आम्लतेवर उतारा नाही. उत्सर्जन घटविणे हाच उपाय.

आणि तेथेच घोडे अडते. अमेरिकेने २००१ मध्ये क्योटो करार झिडकारला, २०२० मध्ये पॅरिस करार सोडला, २०२१ मध्ये ती परतली, आणि २०२५ च्या जानेवारीत पुन्हा माघारीचा आदेश निघाला. (सागरी कायद्याच्या संयुक्त राष्ट्र कराराचीही ती सदस्य नाही.) पॅरिस कराराचे पालन केले म्हणजे समुद्राविषयीचे कर्तव्य आपोआप पार पडत नाही, असे न्यायाधिकरणाने बजावले आहे, ज्याची क्षमता अधिक त्याने भारही अधिक उचलावा, हेही सांगितले आहे. अभिप्राय बंधनकारक नाही, हे मान्य. तरी वाटाघाटीत तो हाती असणे लहान गोष्ट नव्हे.

ऐतिहासिक उत्तरदायित्वाचा भारताचा आग्रह न्याय्यच आहे. परंतु १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली लक्षद्वीपचे प्रवाळ तापलेल्या पाण्यात पांढरे पडले. दरडोई उत्सर्जनाचा युक्तिवाद त्यांना कसा वाचविणार? तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी जगातील ७० ते ९० टक्के प्रवाळ नष्ट होतील, दोन अंशांवर जवळजवळ सर्वच, असे आयपीसीसीच्या २०१८ च्या अहवालात नमूद आहे. समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच असलेल्या त्या बेटांना लाटांपासून आडोसा आहे तो याच प्रवाळभित्तींचा. तेव्हा हॅम्बर्गचा कागद केवळ तुवालूचा न समजता, पुढच्या हवामान परिषदेत तो भारतानेच टेबलावर ठेवावा आणि धनाढ्य राष्ट्रांकडून कपातीचा वर्षवार हिशेब मागावा.